मृणूचं चित्र अडकतं

माझ्या माहेरी नेट बंद पडलं की मला बोलावणं येतं. मी पेणला कॉम्प्युटरचे क्लास घेते, आणि एवढ्यावरून घरच्यांनी ठरवून टाकलंय की ज्या वस्तूला वायर आहे ती भाग्यश्रीच्या खात्यात. टीव्हीचा रिमोट, पाण्याचा पंप, एकदा तर मिक्सर. मी फोनवर चिडते, चार शब्द सुनावते आणि चप्पल घालून निघते. सासर गावातच असल्यामुळे सबबही सांगता येत नाही.

पण या श्रावणात निलेशचा फोन आला तेव्हा मी एक शब्दही वाकडा बोलले नाही. तो म्हणाला, "ताई, मृणूचं चित्र अडकतंय गो." मी हातातलं काम टाकून गेले.

निलेश माझा धाकटा भाऊ. आमचा गणपतीचा कारखाना आहे, आप्पांचा म्हणजे आमच्या वडिलांचा, आणि आता निलेशचा. निलेश आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. बाकीचं काम चार जण करू शकतात, डोळे एकच जण करतो. मूर्ती गोरी झाली, पितांबर रंगला, दागिने झाले तरी डोळे उघडेपर्यंत ती मूर्ती नुसती माती असते. आमचा निलेश तो ब्रश हातात घेतला की श्वास रोखून बसतो, आणि सीझनभर त्याला दुसरं काही दिसत नाही.

ते न दिसणंच नडलं. दीड वर्षापूर्वी त्याची बायको पूजा त्यांच्या मुलीला, मृणालीला म्हणजे आमच्या मृणूला, घेऊन रोह्याला भावाकडे निघून गेली. मारहाण नाही, दारू नाही, भांडणसुद्धा म्हणावं असं नाही. भांडण असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं, मला ते चांगलं जमतं. पूजा मला एवढंच म्हणाली, "ताई, सहा महिने हा माणूस कारखान्यात असतो आणि उरलेले सहा महिने थकलेला असतो. मी बोलू कुणाशी?" मला तिचा राग आला. आता ती धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, शिफ्ट करते, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा बरी दिसते.

गेल्या गणपतीत तिनं मृणूला पाठवलं होतं. तेव्हा पोर पाच वर्षांची. आता हे बाहेरच्यांना कळणार नाही, पण आमच्याकडे गणपती बसले की कारखान्यातली माणसं मेल्यासारखी झोपतात. महिनाभराची जागरणं एकदम अंगावर येतात. लोकांच्या घरी आरत्या चाललेल्या असतात आणि ज्यांनी मूर्ती केल्या ते गोणपाटावर आडवे. निलेश झोपला तो झोपलाच. मृणू त्याच्या उशाशी बसून राहायची. मी तिला आरतीला नेलं, मोदक भरवले, पण ती परत जाऊन तिथेच बसायची. रोह्याला गेल्यावर तिनं आईला सांगितलं, "पप्पा दिसले, पण उठले नाहीत."

हे पूजानं निलेशला सांगितलं. यंदा त्यानं आषाढातच दोन नवीन कारागीर घेतले, मोठ्या ऑर्डरी सोडून दिल्या, आणि मला म्हणाला, "या वर्षी मी जागा राहनार. पाची दिवस."

त्यासाठी आम्ही रोह्याला बैठकीला गेलो. रोह्याला लागून अष्टमी गाव आहे, तिथे पूजाच्या भावाचं, विशालचं घर आहे. चहा झाला, पोहे झाले, मग पूजानं सांगितलं की दिवाळीनंतर तिची बदली गुजरातेत होतेय, भरूचच्या बाजूला. मृणूही जाणार. निलेशचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "मग या गणपतीला तरी पाठव." पूजा म्हणाली, "मी पाठवणार नाही आणि अडवणारही नाही. ती स्वतःच्या तोंडानं 'येते' म्हणाली, की मी तिला आणून सोडीन. पण तिच्यावर कुणी जबरदस्ती करायची नाही. तूही नाही, मीही नाही."

परतीच्या गाडीत निलेश हसत होता. एवढंच ना, म्हणाला. पोरगी माझी आहे, येते म्हणायला तिला कितीसा वेळ लागतो.

दर रविवारी संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल असायचा. निलेशच्या फोनची काच फुटलेली, आणि आमच्या आळीत फोनला रेंज म्हणजे आली तर आली. म्हणून मी क्लासमधला एक जुना लॅपटॉप त्याला दिला होता. तो कारखान्याच्या पुढच्या भागात एका स्टुलावर ठेवायचा आणि कॅमेरा असा लावायचा की मागे रांगेनं गणपती दिसतील. मी म्हटलं, माझ्या घरी ये, माझं नेट मस्त चालतं. तर म्हणे नाही, तिला कारखाना दाखवायचाय. या वर्षी तिच्यासाठी एक छोटी मूर्ती त्यानं बाजूला ठेवली होती, उंदराला टोपी घातलेली, ती दाखवायची होती.

आणि नेमकं तिथेच सगळं अडत होतं. कॉल लागायचा, मृणू दिसायची, हाय पप्पा म्हणायची, आणि दोन वाक्यं होईतो चित्र थांबायचं. कधी तिचं तोंड उघडं, कधी अर्धा मिटलेला डोळा, कधी नुसता हात. चकरी फिरत राहायची. मग आवाज तुटक तुटक, मग तोही बंद. निलेश विचारायचा, "येशील ना गो गनपतीला?" आणि उत्तराच्या वेळी पडद्यावर पोरगी पुतळ्यासारखी. तो लॅपटॉपच्या अगदी जवळ कान नेऊन बसायचा. मला सांगायचा, "ती व्हय म्हनली वाटतं ताई, पन कट झालं." पूजाला विचारावं तर ती म्हणायची, मी बाजूच्या खोलीत होते, तिनं मला काही सांगितलेलं नाही, तुम्हीच परत विचारा.

त्यामुळे मी कामाला लागले. आधी लॅपटॉप साफ केला. मागे गुपचूप अपडेट डाउनलोड होत होते, ते थांबवले. निलेशनं उघडून ठेवलेली पंधरा-वीस पानं बंद केली, त्यात निम्मी मुकुटांच्या डिझाइनची. मग बघितलं, नेटवर कोण कोण आहे, तर आठ फोन. घरात माणसं दोन. आप्पांनी शेजारच्या कारखान्यातल्या सगळ्या पोरांना पासवर्ड देऊन टाकला होता. "मागितला तर काय नाय म्हनू?" म्हणाले. मी पासवर्ड बदलला आणि नवा आप्पांना सांगितला नाही, त्यावरून ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

तरी पुढच्या रविवारी तेच. मग केबलवाल्या रितेशला बोलावलं. तो मधल्या वारी आला, मी क्लासमध्ये होते. त्यानं मला तिथूनच फोन केला, "मॅडम, मी तुमच्या पुढच्या खोलीत उभा हाय, फुल्ल स्पीड मिळतंय. लाईन एक नंबर हाय. तुमचा लॅपटॉप म्हातारा झालाय." मला जो राग आला! मी नवीन लॅपटॉप घेऊन गेले, क्लासचा चांगला, मुलांना हात लावू देत नाही तो. रविवारी त्याच्यावरही मृणू अडकली. रितेशला परत बोलावलं, परत तो म्हणाला फुल्ल स्पीड. मी त्याला फोनवर नको नको ते बोलले. बिचारा ऐकून घेऊन गेला.

असं करता करता श्रावण संपत आला. गणपतीला दोन आठवडे राहिले. पूजाचा निरोप आला की कंपनीत रजा टाकायची तर आता सांगावं लागेल, या रविवारी काय ते विचारून घ्या. म्हणजे हा शेवटचा रविवार. निलेश दोन दिवस नीट जेवला नाही. एका मूर्तीची आखणी बिघडली, डावा डोळा पुसून परत करावा लागला. आमच्याकडे असं कधी होत नाही.

रविवारी मी दुपारीच गेले. ठरवलं, की आता राऊटरच मुळापासून बघायचा. राऊटर मागच्या खोलीत, मीटरच्या वर, माळ्याच्या फळीवर. त्या खोलीत मूर्ती अशा खेटून ठेवलेल्या की पाय टाकायला जागा नाही. सीझनमध्ये तिथे आप्पांशिवाय कुणी जात नाही, कारण एकाचा धक्का लागला की दहा पडतात. मी साडी खोचली, एकेका गणपतीला माफ कर म्हणत आत गेले आणि शिडी लावून वर चढले. वर बघते तर राऊटर नाही. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा पालथा घातलेला, आणि त्याच्या खालून वायर आत गेलेली.

मी डबा उचलला. आत राऊटर बसला होता, स्वच्छ, धुळीचा कण नाही, सगळे दिवे लुकलुकताहेत.

"आप्पा, हा डबा कुणी ठेवला?"

आप्पा दारात आले. "मी. का गो?"

"का म्हणजे? कशासाठी?"

"अगो, पॉलिश पेपर मारतात त्याची धूळ किती उडते बघ. त्यात ती नाजूक वस्तू. आदी फडकं टाकलेलं, तर तो रितेश मागं म्हनला व्हता फडक्यानं गरम व्हतं, टाकू नका. म्हनून डबा घातला. वर भोकं पन पाडलीत खिळ्यानं, हवा जायला."

खरंच पाडली होती. ओळीत, एकसारखी, जशी आप्पांची प्रत्येक गोष्ट असते.

"आणि रितेश आला तेव्हा डबा कुठे होता?"

"काढला व्हता की. मानूस बघायला येनार नि आपन झाकून ठेवायचं व्हय? पुसून दाखवला त्याला. तो गेला, परत झाकला."

मला शिडीवर उभ्या उभ्या हसू फुटलं. मी राग धरायचा प्रयत्न केला पण जमेना. आमच्या कारखान्यात हीच रीत आहे. तयार मूर्ती झाकून ठेवायची, गिऱ्हाईक आलं की कापड काढायचं, पुसायची, दाखवायची, गिऱ्हाईक गेलं की परत झाकायची. आप्पांनी जन्मभर हेच केलं. राऊटरलाही त्यांनी तसंच सांभाळलं. मी त्यांना सांगितलं की पत्र्यातून रेंज नीट बाहेर पडत नाही, तुम्ही वायफाय कोंडून ठेवलं होतं. त्यांना पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डब्याकडे बघितलं. "मंजी माझ्यामुलं व्हय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, अहो आता काढला ना, झालं. पण ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी पुढे येऊन स्पीड बघितला. काटा सुसाट वर गेला. निलेशला हाक मारली. त्यानं ते आकडे बघितले, मला विचारलं, "ताई, हे चांगलं हाय ना?" मी म्हटलं, एवढ्या स्पीडमध्ये तू अमेरिकेशी बोलशील, रोहा काय घेऊन बसलास. कितीतरी दिवसांनी तो मोठ्यानं हसला. हात धुतले, शर्ट बदलला, केस विंचरले. मुलगी बघायला गेला होता तेव्हासुद्धा एवढा नटला नव्हता.

संध्याकाळी कॉल लागला. मी लॅपटॉपच्या बाजूला उभी होते, कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

काय सांगू, असं चित्र आम्ही आधी पाहिलंच नव्हतं. मृणूच्या पुढचा एक दात पडला होता, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. तिच्या फ्रॉकवरची फुलं मोजता आली असती. मागे खिडकीचा निळा पडदा वाऱ्यानं आत-बाहेर होत होता आणि टेबलफॅन मान फिरवत होता. निलेशनं तिला उंदीर दाखवला. ती हसली, टोपी कसली विचारलं. त्यानं सांगितलं, तुझ्यासाठी केलीय. शाळेत काय शिकवलं ते तिनं सांगितलं, पावसात डबकं झालं आणि कुणी त्यात पडलं ते सांगितलं. एवढं सलग ती कधी बोललीच नव्हती, निदान आम्ही ऐकलं नव्हतं. निलेश मान हलवत होता, डोळ्यांत पाणी, आणि मध्येच माझ्याकडे बघत होता, की बघ, बघ.

मग त्यानं विचारलं, "मृणू, गनपतीला येशील ना गो बाला? या वर्षी पप्पा झोपनार नाय. तुझ्याबरोबर खेलनार."

मृणू थांबली. तोंड अर्धवट उघडं, हात केसांपाशी नेलेला तसाच.

"अडकलं," निलेश म्हणाला. "ताई, परत अडकलं बघ."

मी पुढे वाकले. लॅपटॉपला हात लावणार होते, पण लावला नाही. कारण मागचा पडदा हलत होता. टेबलफॅन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. फॅन तिच्याकडे वळला की कपाळावरचे केस उडत होते. फक्त ती हलत नव्हती. दम रोखून, पापणी न मिटता, चित्र अडकल्यावर ती जशी दिसायची अगदी तशी बसून राहिली होती. आमच्या बाजूला तिचं चित्र थांबायचं, तेव्हा तिच्या बाजूला आमचंही थांबत असणार. त्यातून पोर शिकली होती की थांबलं की प्रश्न सुटतो.

मला काहीतरी बोलायचं होतं. माझं तोंड एरवी बंद राहत नाही. पण निलेशला काय सांगणार, की पडदा बघ?

सांगावं लागलं नाही. डोळे हेच त्याचं काम. तो पडद्याकडे, फॅनकडे बघतच नव्हता. तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. न मिटल्यामुळे त्यांत पाणी भरत चाललं होतं, आणि तरी ती मिटत नव्हती. निलेशचे खांदे हळूहळू खाली आले. मग अगदी रोजच्या आवाजात बोलला.

"मृणू, इकडं नेट अडकलंय वाटतं गो. तू दिसत नायस मला. तुला ऐकू येत असेल तर ऐक, मी आता ठेवतो. जेव नीट. पावसात भिजू नको."

ती तशीच. त्यानं लगेच कॉल बंद केला नाही. बोट ठेवून थांबला. मग तिच्या पापण्या एकदा मिटल्या, गालावर पाणी ओघळलं, आणि तेव्हा त्यानं बटण दाबलं.

तो तसाच स्टुलासमोर बसून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मनात म्हटलं, आता आप्पांना काहीतरी सांगायला पाहिजे. पूजाला कळवता येईल, शब्द कमी लागतील तिला. पण आप्पांना म्हणू की नेट गेलं, लाईट गेली, काहीही म्हणू.

तेवढ्यात ते आलेच. दारात उभे राहिले. निलेशचा चेहरा बघितला आणि भिंतीला धरून खाली बसले.

"नाय ना बोलनं झालं? परत अडकलं ना?" त्यांनी विचारलं. "माझंच चुकलं रे. एवढे रविवार त्या डब्यापायी फुकट गेले. पोर व्हय म्हनत असेल नि आपल्याला ऐकूच आलं नाय. आता कवा येनार ती? गुजरातेत गेल्यावर कवा?"

मी म्हणणार होते, हो आप्पा, लाईनच खराब आहे. तोंड उघडलंही होतं. एवढं म्हटलं असतं तर निलेशला ते मोठ्यानं बोलावं लागलं नसतं. पण आप्पा मरेपर्यंत तो डबा छातीवर घेऊन बसले असते.

निलेश उठला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यांचे दोन्ही हात धरले.

"डब्याचं काय नाय आप्पा. आज नेट चांगलं व्हतं. सगलं साफ दिसलं मला. तिला यायचं नाय."

"तसं बोलली ती?"

"बोलली नाय." त्यानं आप्पांचे हात सोडले नाहीत. "मला वाईट वाटंल म्हनून दम धरून बसली व्हती, आप्पा. एवढीशी पोर."